नरकात जायला एवढं पुरेल का?

माझी मावशी दात बनवते. खरे दात पडून गेल्यावर माणसं जे दुसरे बसवून घेतात, ते. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांची मापं डब्यांतून तिच्याकडे येतात. मावशी त्यांत प्लास्टर ओतते, साचा काढते, मेणावर एकेक दात नीट रांगेत लावते आणि शेवटी गुलाबी हिरडी घासूनपुसून गुळगुळीत करते. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली आहे. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर दिवा आणि दिव्याखाली कुणाचा तरी खालचा जबडा. लहानपणी मी तिथे गेले की मला वाटायचं, माणसं आपलं हसू इथे दुरुस्तीला टाकून गेली आहेत.

रविवारी मात्र ती चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग घ्यायची. मुलं तोंडावर 'बाई' म्हणायची आणि पाठीमागे 'कवळीबाई'. मावशीला ते ठाऊक होतं. "खोटं कुठे आहे त्यात?" एवढंच ती म्हणायची. उरलेल्या गुलाबी मेणाचे ती मुलांसाठी प्राणी करून न्यायची, त्यामुळे तिच्या वर्गातल्या सगळ्या गोष्टींमधली मेंढरं गुलाबी असायची. उंटसुद्धा गुलाबी. मुलांना ते अजिबात खटकत नसे.

मग चर्चला नवे पाळक आले. तरुण, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. माणूस मनाचा चांगला. आजाऱ्यांना भेटायला सायकलवरून गावभर फिरायचे. एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मावशीला थांबवून घेतलं.

"बाई, तुमची मुलं जलप्रलयाच्या गोष्टीतल्या तारवातले प्राणी घडाघडा सांगतात. पण नरक म्हणजे काय, असं विचारलं तर एक जण म्हणाला, ती शिवी आहे."

मावशीला हसू फुटलं. पाळक हसत नाहीत हे पाहून तिने ते गिळलं.

"लहान आहेत हो, पाळकसाहेब. सात-आठ वर्षांची पोरं."

"रस्त्यात खड्डा असेल तर लहान मुलांना आपण सांगत नाही का?"

"सांगतो की."

"मग?"

पाळकांनी तिच्या हातात एक गुंडाळलेला रंगीत तक्ता दिला आणि ते निघून गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर तिला सुचलं, की हा खड्डा खणला कुणी आणि तो बुजवत का नाहीत, असं मुलांनी विचारलं तर? मावशीचं हे नेहमीचंच. तिला बोलायचं ते समोरचा माणूस गेल्यावर सुचतं.

नरक नाही, असं तिला कधीच वाटलेलं नव्हतं. तिच्या लहानपणी एका टकलू मास्तरांनी सगळ्या वर्गाला मेणबत्तीजवळ बोट न्यायला लावलं होतं आणि "हे कायम, सगळ्या अंगाला" असं सांगितलं होतं. त्यानंतर बरेच दिवस ती आईला चिकटून झोपायची. पुढे मोठी झाली, लग्न झालं, काम लागलं आणि नरक आपल्या जागी राहिला. दूरदेशी कुठेतरी वाळवंट आहे हे आपल्याला माहीत असतं ना, तसा. असेल, आपल्याला कुठे जायचंय तिकडे?

तक्ता तिने घरी उलगडून पाहिला. लाल-पिवळ्या ज्वाळा, त्यात हात वर केलेली माणसं. चित्रकाराने सगळ्यांना दात मात्र सुरेख दिले होते, असं ती मला म्हणाली. तिने तक्ता पुन्हा गुंडाळला आणि ठरवलं, आपण नुसतं सांगायचं आणि तेही हळू आवाजात.

"नरक म्हणजे देवापासून लांब राहणं," तिने वर्गात सांगितलं. "कायमचं लांब."

"किती लांब?" एकाने विचारलं. "बस जाते का?"

"नाही जात."

"तिथे आग असते का अंधार?"

"शास्त्रात दोन्ही सांगितलंय."

"आग असली तर उजेड पडेलच ना, बाई?"

मावशी गडबडली. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आगीत कवळी वितळते का?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "वितळते तर!" आणि तिने जीभ चावली. वर्गात एकच हशा पिकला. तो थांबल्यावर खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. काडीसारखी बारीक, म्हणून मुलं तिला टाचणी म्हणायची.

"तिकडे कोण जातं, बाई?"

"प्रभूवर विश्वास ठेवत नाहीत ते."

"म्हणजे चर्चमध्ये येतच नाहीत ते? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही, तर."

"माणूस चांगला असला तरी?"

"आपण नुसत्या चांगुलपणाने तरत नाही ना, बाळा," मावशी म्हणाली. तिला जसं शिकवलं होतं तसं. टाचणीने मान हलवली आणि ती खाली बसली. धडा पार पडला म्हणून मावशीने सुटकेचा श्वास टाकला.

पुढच्या रविवारी टाचणीने शेजारच्या मुलाच्या पाण्याच्या बाटलीत थुंकून ठेवलं आणि सरळ मावशीजवळ येऊन उभी राहिली. "बाई, मी त्याच्या पाण्यात थुंकले."

मावशीने तिला दटावलं, बाटली विसळून आणायला लावली. त्याच्या पुढच्या रविवारी पाळकांचे बूट गायब झाले आणि त्यांना मोज्यांवर उपासना चालवावी लागली. उपासना संपल्यावर टाचणीनेच सांगितलं, "बूट बाजाच्या पेटीमागे आहेत. मी ठेवलेत." मग तिने मेणाच्या मेंढरांची मुंडकी मोडून ठेवली. एकदा एका मुलीला म्हणाली, तुझी आई मेली. ती मुलगी रडून रडून लाल झाली. टाचणीचाही चेहरा पांढराफटक पडला होता, तरी ती मावशीसमोर येऊन म्हणाली, "मी खोटं बोलले. फार मोठं खोटं."

मावशीचं डोकंच चालेना. खोड्या काढणारी पोरं तिने आयुष्यभर पाहिली होती. ती लपवतात, दुसऱ्यावर ढकलतात, रंगेहाथ सापडली तरी 'मी नाही' म्हणतात. ही मुलगी हजेरी लावल्यासारखी येऊन सांगत होती. आणि हे करताना तिला मजाही वाटत नव्हती.

त्या दिवशी सगळी मुलं गेल्यावर मावशीने तिला जवळ बसवलं.

"काय चाललंय हे तुझं?"

टाचणीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "एवढं पुरेल का, बाई?"

"कशाला पुरेल?"

"तिकडे जायला."

"कुठे?"

"नरकात. आजोबा गेलेत ना."

मावशी म्हणते, त्या क्षणी कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. टाचणीच्या आजोबांना ती चांगली ओळखत होती. लिफ्ट दुरुस्त करायचे ते. टाचणीची आई इस्पितळात परिचारिका, तिच्या पाळ्या बदलत्या, म्हणून नातीला त्यांनीच वाढवलं. दर रविवारी ते तिला चर्चच्या दारापर्यंत आणून सोडायचे आणि बाहेरच्या बुटक्या भिंतीवर वर्तमानपत्र उघडून बसायचे. मावशी कधी म्हणाली, "या की आत, आजोबा," तर म्हणायचे, "आत तुम्ही आहात ना सगळे. बाहेर कुणीतरी नको?" काही महिन्यांपूर्वी ते वारले होते. मावशी अंत्यविधीला गेली होती, टाचणीला तिने पोटाशी धरलं होतं. आणि तरीही तो धडा शिकवताना तिला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. "आठवलं असतं तर काय वेगळं सांगितलं असतं, ते मला माहीत नाही," ती म्हणते. "पण आठवायला हवं होतं."

"आजोबांना अंधारात झोप येत नाही," टाचणी सांगत होती. "माझा हात धरूनच झोपायचे. आई म्हणते तूच त्यांचा हात धरायचीस. पण तसं नव्हतं. तेच धरायचे. आता तिकडे ते एकटेच आहेत. आई तर विश्वास ठेवते, ती नाही जाणार. मग मीच राहिले ना?"

"अगं, तुझे आजोबा किती चांगले होते!"

"तुम्हीच म्हणालात ना, चांगुलपणाने होत नाही."

जे सांगायचं ते सगळं मावशीने आधीच सांगून टाकलं होतं आणि ते या मुलीने तिच्यापेक्षा नीट ऐकलं होतं.

ती तशीच उठून इस्पितळात गेली. टाचणीची आई एका वॉर्डाबाहेर चादरींच्या घड्या घालत होती. मावशीने सगळं सांगितलं. आता ही आपल्यावर भडकणार, अशी तिची खात्री होती.

"मी मारलं हो तिला," आई म्हणाली. "परवा तिने कप फोडला आणि म्हणाली, मुद्दाम फोडला. मी दोन धपाटे घातले. मला काय माहीत, ती माझ्या बाबांसाठी..." तिने हातातली चादर उलगडली, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडली. "बाई, बाबा गेले त्या दिवसापासून हे मलाच तुम्हाला विचारायचं होतं. धीर झाला नाही. तुम्ही 'हो' म्हणाला असता तर मी काय केलं असतं?"

"मला काय माहीत गं."

"तुम्ही शिकवता ना?"

"शिकवते," मावशी म्हणाली. आणि हे म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

पाळकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "कुणा एका माणसाबद्दल निकाल देणं आपलं काम नाही, बाई. आपण नियम सांगितला. माणूस सांगितला नाही."

"मुलांना नियमात माणूसच दिसतो, पाळकसाहेब."

हे मात्र तिला वेळेवर सुचलं. पाळक विचारात पडले आणि म्हणाले, तिला माझ्याकडे घेऊन या.

टाचणी त्यांच्यासमोर खुर्चीत बसली, पाय लोंबकळत. पाळकांनी देवाच्या न्यायाबद्दल आणि दयेबद्दल सांगितलं. सोपं करून, प्रेमाने सांगितलं, मावशी कबूल करते. टाचणीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "प्रभू मेल्यावर खाली अधोलोकात गेला होता ना? आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो."

"हो. म्हणजे विश्वासाच्या कबुलीत तसं आहे."

"कशाला गेला होता?"

"त्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत," पाळक म्हणाले. "काही जण म्हणतात, तिथे जे अडकले होते त्यांना..." आणि ते थांबले.

"आणायला?"

पाळकांनी वरच्या बटणाशी चाळा केला. "ते त्या वेळचं झालं, बाळा."

"मग रस्ता माहीत आहे त्याला," टाचणी म्हणाली.

प्रभू खाली गेला, हे वाक्य मावशी तरुणपणापासून म्हणत आली होती. त्याचा अर्थ काय, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. खाली म्हणजे कुठे, किती वेळ आणि परत येताना दार लावून घेतलं का, असं कुणी विचारलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

तेव्हापासून तिचं कामात लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या शिक्षकाचा वरचा जबडा आणि कुणा दुकानदारिणीचा खालचा, अशी जोडी तिने एकाच डब्यात भरून पाठवली. डॉक्टरांचा फोन आला, "बाई, पेशंटचं तोंडच मिटत नाहीये!" तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

आणि दुसरं एक लक्षात आलं, ते जास्त वाईट. काका, म्हणजे मावशीचे यजमान, कधीच चर्चला जात नाहीत. भांडण नाही, वाद नाही, नुसते जात नाहीत. बस चालवतात, रविवारी सुट्टी असते, त्या दिवशी जुने रेडिओ उघडून बसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती वर्गात काय शिकवते आणि घरी कुणाला वाढते, या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. त्या रविवारी दुपारी ती काकांसमोर जाऊन बसली.

"अहो, तुम्हाला भीती नाही का वाटत?"

"कसली?"

"मेल्यानंतरची. नरकाची."

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मी जाणार आहे का तिकडे?"

"मी शिकवते त्याप्रमाणे, हो."

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला तसं वाटतं?"

मावशी मला म्हणाली, "मी आत शोधलं. खरंच शोधलं गं. नरक आहे हे तिथे होतं. हे जाणार नाहीत हेही तिथे होतं. शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने. आता दोन्ही खरं कसं असेल?" काकांना ती एवढंच म्हणाली, "नाही वाटत." काकांनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला, पण रेडिओला हात न लावता ते बराच वेळ तसेच बसून राहिले. त्यांना हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे काही तिला कळलं नाही.

पुढच्या रविवारी ती वर्गात गेली ती काहीच न ठरवता. मुलं बसली. टाचणीने त्या दिवशी अजून काही केलं नव्हतं, पण तिची नजर फिरत होती. मावशीने तिला पुढे बोलावलं.

"हे बघ. वाईट वागून तिकडे जायची घाई करायची नाही. आजोबांना ते आवडेल का?"

"नाही."

"मग आपण त्यांचं प्रभूला सांगू या. तो बघेल काय ते."

"त्याला माहीत आहे का, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही ते?"

"सांगू या की."

मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायची पद्धत आमच्या चर्चच्या मंडळीत नाही. माणूस गेला की त्याचं जे काही व्हायचं ते झालं, असंच आम्हाला शिकवलं जातं. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तिने डोळे मिटले, हात जोडले आणि टाचणी सांगत गेली. उजव्या बाजूने बोलावं लागतं. दिवा बारीक ठेवला तरी चालेल, पण पूर्ण बंद नको. चहा बिनसाखरेचा, पण कुणी बघत नसलं की घालून घेतात, तर लक्ष ठेव. गुडघा दुखतो, त्यांना जिने चढायला लावू नकोस. आणि हात धर.

टाचणीचं संपल्यावर मावशी 'आमेन' म्हणणार, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "माझी पण आत्या आहे." मग कुणाचा शेजारी निघाला. कुणाचे वडील निघाले, जिवंत, पण घर सोडून गेलेले, तेही चर्चला यायचे नाहीत. एकाने आपल्या कुत्र्याचं नाव घेतलं. ज्या मुलीला टाचणीने रडवलं होतं, तिनेही कुणा मामांचं सांगितलं. मावशी कुणाला थांबवू शकली नाही. तिला ते बरोबर वाटत होतं म्हणून नाही, तर कुठे थांबवायचं तेच तिला कळत नव्हतं. शेवटी तिने स्वतःही काकांचं सांगितलं, मनातल्या मनात.

डोळे उघडले तर दारात पाळक उभे.

मुलं पांगल्यावर ते आत आले आणि लहान मुलांच्या बाकावर कसेबसे बसले, गुडघे छातीला टेकवून.

"बाई, हे बरोबर आहे असं मी म्हणू शकत नाही."

"मीही नाही म्हणत, पाळकसाहेब."

"चूक आहे असं म्हणायला हवं." ते बाकावरून उठले. "उद्या म्हणतो."

म्हटलंही त्यांनी, पण उद्या नाही, काही आठवड्यांनी, आणि तेही एकट्या मावशीला. मधल्या काळात एका पालकाने मंडळीच्या समितीकडे तक्रार केली होती, की कवळीबाई मुलांना कुत्र्यासाठी प्रार्थना करायला शिकवतात. समिती बसली. पाळकांनी मावशीची बाजू घेतली नाही आणि तिच्या विरुद्धही ते बोलले नाहीत. दोन्हीकडची माणसं त्यांच्यावर चिडली. वर्ग एका तरुण जोडप्याकडे गेला आणि मावशीला फुलं लावायचं काम मिळालं. ती भांडली नाही. मी तिला विचारलं, "तुला राग नाही आला?" तर म्हणाली, "कशाचा येऊ देऊ? ते जे म्हणत होते ते मीच शिकवत होते की इतकी वर्षं."

टाचणीच्या खोड्या मात्र त्या दिवसापासून बंद झाल्या. म्हणजे साधारण मुलीच्या असतात तेवढ्या उरल्या. त्या ती लपवायला लागली, यावर मावशी खूश होती.

मागच्या वर्षी टाचणी मावशीच्या खोलीवर आली. आता ती टाचणी राहिलेली नाही, चांगली उंचनिंच झाली आहे. परगावी शिकायला निघाली होती, म्हणून भेटायला आली. मीही तिथेच होते. ती तासभर बसली. वसतिगृहातली खोली कशी आहे, केस कापू का वाढवू, आईने केवढी मोठी पेटी भरून दिली आहे, असं खूप बोलली. आजोबांचं नाव निघालं नाही. जाताना तिने मावशीला घट्ट मिठी मारली आणि जिना धडधडत उतरून गेली.

मावशी बराच वेळ खिडकीतून बघत राहिली.

"तिला आठवत असेल का गं?" ती म्हणाली.

"विचारायचं होतंस की."

"विचारलं असतं आणि नाही म्हणाली असती, तर मला वाईट वाटलं असतं." तिने टेबलावरचं प्लास्टर पुसायला घेतलं. "आणि हो म्हणाली असती, तर मग पुढे काय बोलणार होते मी?"